लाईट गेली की पाणी दुप्पट

२ नोव्हेंबर, रविवार, सकाळ. ठिकाण सेलू, माझ्या घराची समोरची खोली. हजर: मी, पवनारचे वानखडे सर (निवृत्त गणित शिक्षक), आर्वीचा इरफान (मोबाइल दुरुस्तीवाला). रोहण्याची प्रणाली फोनवर. विषय: ‘पाणवठा’ या खेळाचा नवा हंगाम लागतो आहे, त्याआधी मागच्या हंगामातलं अडकलेलं काम.

एवढं लिहून झालं आणि बाहेरून कापसाचा मेटाडोर गेला. जाता जाता आमच्या कुंपणाच्या बोरीला एक पांढरा झुबका लावून गेला. या दिवसांत इकडच्या रस्त्यांचं असंच असतं. बाभळीच्या काट्यांना, विजेच्या तारांना, एसटीच्या खिडकीच्या गजांना कापूस लटकलेला असतो. वेचणीला निघालेल्या बायका सकाळच्या गारठ्यात पदर घट्ट ओढून, कमरेला झोळ्या बांधून चाललेल्या दिसतात. तुरीला फुलं आलेली असतात. शेतांतून पंपांची घरघर सुरू होते आणि दिवस कलला की हवेत ओल्या मातीचा आणि कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा असा एक वास उतरतो, जो दुसऱ्या कुठल्याच महिन्यात येत नाही. मला हा काळ फार आवडायचा. दिवाळीची आवराआवर झालेली असते, कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेचे फॉर्म अजून यायचे असतात, कामं हातात राहतात. मागच्या वर्षापासून मात्र तारेवर कापूस दिसला की माझा हात आपोआप फोनकडे जातो. कट्ट्यावर कोणी काही लिहिलं तर नसेल?

कट्टा म्हणजे आमचा चर्चाकट्टा. मुलगी नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिनं माझ्या फोनवर ‘पाणवठा’ टाकून दिला. म्हणाली, आई, तू रिकाम्या वेळात याद्या करत बसशील, त्यापेक्षा हे खेळ. खेळ साधा आहे. प्रत्येकाचं एक गाव, गावात एक टाकं, टाक्यात पाणी. पाणी साठवायचं, शेतं भिजवायची, मित्रांच्या गावांना पाणी पाठवायचं. पाच जणांचा एक गट. हंगामाच्या शेवटी ज्या गटाची गावं हिरवी, तो पहिला. मी खेळात गेले आणि तिथंही याद्याच केल्या. कोणत्या पिकाला किती पाणी, कोणाकडून आलं, कोणाला द्यायचं आहे. त्या याद्या मी मराठी खेळाडूंच्या कट्ट्यावर टाकायची, आणि बघता बघता लोकांनी मला अॅडमिन करून टाकलं. वानखडे सर आणि इरफान आधीपासून अॅडमिन होतेच.

अॅडमिनचं काम बाहेरून दिसतं तेवढं गमतीचं नाही. लोक खेळापेक्षा जास्त वेळ एकमेकांवर संशय घेण्यात घालवतात. अमक्यानं दोन फोनवरून दोन गावं चालवली, तमक्यानं कुठलीतरी ट्रिक लावली. रोज कोणीतरी कोणाचं तरी नाव घेऊन चोर म्हणत असतं. म्हणून मी नियम लिहिले. नाव घेऊन आरोप करायचा नाही. खेळात कुठं फट सापडली तर ती कट्ट्यावर लिहायची नाही, आम्हाला खासगीत कळवायची, आम्ही कंपनीला कळवू. सरांनी नियम वाचून मान हलवली. इरफान म्हणाला, “मॅडम, लोक तो पढेंगे नहीं, पण लिहून ठेवा.”

परीक्षेतली कॉपी मी ऑफिसात बरीच वर्षं हाताळते आहे. तिथं चिठ्ठी सापडली की ती उत्तरपत्रिकेला जोडायची, पाकिटात घालायची, सील करायचं. पुरावा आपल्या हातात राहतो आणि कोणाला तो वाचायला मिळत नाही. कट्ट्यावर हे जमत नाही. तिथं पुरावा दाखवणं म्हणजे चोरी शिकवणं. कोणी लिहिलं की अमुक केलं की तमुक फुकट मिळतं, की वाचणाऱ्यांतले अर्धे रागावतात आणि उरलेले लगेच करून बघतात. म्हणून काढून टाकायचं, विचार न करता, दिसल्याबरोबर. हे मी तेव्हाही करत होते आणि आजही करते.

प्रणाली मेश्राम तेव्हा तलाठी भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. रोहण्याला विहाराशेजारी एक अभ्यासिका आहे. मुलांची खोली एका बाजूला, मुलींची दुसऱ्या, भिंती आतून फिक्या निळ्या, आणि गावकऱ्यांनी वर्गणीतून घेतलेलं एकच वायफाय. प्रणाली आणि तिच्या चार मैत्रिणी रोज संध्याकाळी तिथं बसायच्या आणि अभ्यासाचा कंटाळा आला की अर्धा तास ‘पाणवठा’ खेळायच्या. पाच जणी, एक गट, एक वायफाय. गटाचं नाव ‘रोहणा पाच’. कट्ट्यावर प्रणाली नवीन लोकांना समजावून सांगायची, भांडणं लागली की एखादा विनोद टाकून मोकळी व्हायची. मला ती प्रत्यक्ष भेटायच्या आधीपासून आवडत होती.

मागच्या वर्षी वेचणी नुकतीच लागली होती. दुपारी डबा खाताना मी कट्टा उघडला तर तिचा संदेश दिसला: “ताई, आमच्या इकडे लाईट गेली की पाणी दुप्पट होऊन राह्यलं. हे बराबर हाय का?”

ती खरंच विचारत होती. त्या दिवसांत संध्याकाळी ओलिताचे पंप एकदम सुरू झाले की डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, भार येतो आणि रोहण्याची लाईट फडफडून जाते. लाईट गेली की अभ्यासिकेचं वायफाय जातं. पाणी पाठवत असतानाच वायफाय गेलं, तर खेळाला कळत नव्हतं की पाणी पोचलं की नाही. ते पाठवणारीच्या टाक्यातही राहायचं आणि घेणारीच्या टाक्यातही जायचं. पाच जणी एकमेकींना पाणी देत असताना लाईट गेली की पाची टाकी काठोकाठ. तिच्या संदेशाखाली कोणीतरी लिहिलंही होतं, मग आमच्याकडची पण घालवा की लाईट.

मी घास तसाच ठेवला आणि संदेश काढला. बरोबर केलं. आणखी तासभर तो तिथं राहिला असता तर अर्ध्या महाराष्ट्रानं आपापल्या घरचं वायफाय बंद-चालू करून बघितलं असतं. तिला खासगीत लिहिलं की कळवलंस ते चांगलं केलंस, कंपनीला सांगते, तू कुठं बोलू नको. तिनं लिहिलं, हो ताई.

कट्ट्यावर काढलेल्या संदेशाच्या जागी एक ओळ राहते. नाव तसंच दिसतं आणि नावाखाली: हा संदेश अॅडमिनने काढला आहे.

त्याच संध्याकाळी खेळातल्या गुणांची यादी लागली. ‘रोहणा पाच’ पहिल्या नंबरावर. ‘काळा वाघ’ नावानं खेळणाऱ्या एकानं लिहिलं की पहिला नंबर कोणाचा ते बघा, आणि त्यांच्या म्होरकीची पोस्ट अॅडमिनला का काढावी लागली तेही बघा, बाकी समजणाऱ्याला सांगायची गरज नाही. सोबत पाची मुलींच्या खात्यांच्या नावांचा फोटो. मी तोही लगेच काढला. पण फोटो तोवर इकडून तिकडे गेलेला होता, आणि मी काढला म्हणून लोकांना तो आणखी खरा वाटला. काढलेल्या प्रत्येक ओळीखाली नवीन ओळ येत होती. काहीतरी आहे म्हणूनच दडपतात. अॅडमिनच्या नात्यातली आहे वाटते.

प्रणालीचा फोन आला तेव्हा मी गॅससमोर उभी होते. ती रडत नव्हती, फार हळू बोलत होती. “ताई, मी लिहू का सगळं? लाईट जाते ते का आमच्या हातात हाय?”

मी नाही म्हटलं. तिचा खुलासा आणि ती ट्रिक, दोन्ही एकच वाक्य होतं. निर्दोष असल्याचं सांगायला तिला तेच सांगावं लागलं असतं, जे सांगायला मी बंदी घातली होती. आणि “ती निर्दोष आहे, कारण सांगता येत नाही” असं मी लिहिलं असतं तर त्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. मीही ठेवला नसता. तिनं विचारलं, “मंग कधी लिहू?” मी म्हटलं, कंपनी दुरुस्त करेल तेव्हा. त्या वेळी मला वाटलं होतं, आठवडाभराची गोष्ट आहे.

कंपनीचं उत्तर आलं. खाती बंद करणार नाही, खेळाडूंची चूक दिसत नाही, दुरुस्तीचं काम सुरू आहे, पूर्ण होईपर्यंत या विषयावर जाहीर चर्चा होऊ देऊ नये. म्हणजे माझाच नियम मला परत आला.

त्या आठवड्यात मी ऑफिसात दोनदा चुकीच्या फाइलवर शिक्का मारला. जेवताना, बाजारात, बसमध्ये, फोन थरथरला की हातातलं सोडून आधी कट्टा उघडायची. आणि एक विचार डोकं सोडत नव्हता. पहिल्यांदा पाणी दुप्पट झालं ते लाईटमुळे. नंतर मुलींना कळलंच होतं. मग पंप सुरू व्हायच्या वेळेलाच पाणी पाठवायला त्या बसत नसतील कशावरून? वानखडे सरांना मी हे विचारलं. त्यांनी दोन दिवस घेतले आणि खेळातल्या नोंदींवरून मुलींच्या पाणी पाठवायच्या वेळा बघितल्या. म्हणाले की प्रणालीनं विचारल्यानंतर पाची जणींनी संध्याकाळी पाणी पाठवणंच बंद केलं आहे. आधी दुप्पट झालेलं मात्र त्यांनी वापरलं, कारण परत करायची सोय खेळात नाही. मला थोडं हायसं वाटलं. पण हेही कुठं सांगता येत नव्हतं.

‘काळा वाघ’ आर्वी तालुक्यातलाच कोणीतरी असणार. प्रणालीनं कधीतरी टाकलेल्या फोटोतली निळी भिंत त्यानं ओळखली आणि रोहण्याच्या गावच्या ग्रुपवर लिहिलं की तुमच्या वर्गणीच्या वायफायवर पोरी अभ्यास सोडून खेळात चोरी करून राह्यल्या. मुलींची संध्याकाळची अभ्यासिका बंद झाली. दिवसा त्यांना घरची कामं, वेचणी, कोणाला शिकवणीचं काम. संध्याकाळचे तीन तास हाच त्यांचा खरा अभ्यास होता.

मी आणि सर एसटीनं रोहण्याला गेलो. पुलगावहून पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, आणि शेतांत वाकलेल्या बायकांच्या पाठी. एरवी मी खिडकीतून बघत राहिले असते. त्या दिवशी काय बोलायचं त्याचे मुद्दे मनात उलटसुलट करत होते. सर शेजारी शांत बसले होते. मध्येच म्हणाले, तुम्ही प्रश्नपत्रिका फुटल्यासारख्या बसल्या आहात.

विहाराच्या अंगणात सतरंजी टाकलेली होती. अभ्यासिका समितीचे गजभिये काका, तीनचार मंडळी, आणि भिंतीला टेकून त्या पाच जणी. प्रणाली मी समजत होते त्यापेक्षा ठेंगणी निघाली. तिच्या शेजारी एक सडपातळ मुलगी सारखी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, ती स्नेहल. चहा आला. मी खेळ समजावून सांगायला लागले तर काकांनी हात वर केला.

“बाई, मले त्या खेळातलं काई समजत नाई. पोरींनी चोरी केली का नाई, एवढंच सांगा.”

मी म्हटलं, नाही केली. उलट प्रणालीनंच आम्हाला सर्वांत आधी सांगितलं.

“कुठं सांगितलं? दाखवा.”

“ते मी काढून टाकलं.”

“काऊन?”

“तिथं राहिलं असतं तर सगळ्यांनी तेच केलं असतं म्हणून.”

काकांनी मुलींकडे बघितलं. “म्हणजे खरं बोलली तिचंच पुसलं, आन बदनामी करनाऱ्यानं टाकलेला फोटो गावभर हाय.”

मी माझं म्हणणं मांडलं. कंपनीचं उत्तर वाचून, मराठीत सांगितलं. सरांनी वेळा सांगितल्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं, आणि त्यांचं म्हणणं मला आजही चुकीचं वाटत नाही. ते म्हणाले की माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण मी एकटा समिती नाही. लोकांनी वर्गणी दिली आहे, ते विचारतात. “जिथं या पोरींचं नाव खराब झालं, तिथंच साफ लिहा. पाचीजणींचं. ते मी गावाले दाखवतो आन त्याच दिवशी संध्याकाळचं दार उघडतो. तोवर पोरींले अभ्यासिका पाच वाजेपर्यंतच.”

निघताना प्रणाली बसपर्यंत आली. मी तिला धीर द्यायला काहीतरी म्हणत होते, तर तीच म्हणाली, “ताई, तुम्ही टेन्शन नका घेऊ. तुमचा चेहरा पाहून काका म्हणत होते, चोरी या बाईनंच केली वाटते.” सर मोठ्यानं हसले. मी परतीच्या बसमध्ये हसले, पुलगाव गेल्यावर.

मग हिवाळा गेला. धुवारीत, दाट धुक्यात, तुरीचा बहर गळाला, पुन्हा आला. कापूस घरात आला, गाड्यांत गेला. कंपनीनं अर्धी दुरुस्ती केली, मग सांगितलं की काही फोनवर अजून होतं, थांबा. मी दर सोमवारी त्यांना विचारायची आणि दर सोमवारी तेच उत्तर यायचं. प्रणालीनं संध्याकाळी आर्वीला मावशीकडे जाऊन अभ्यास केला. परीक्षेत थोडक्यात राहिली. ती याचा दोष कोणाला देत नाही, आणि मी विचारायची हिंमत करत नाही. या वर्षी ती पुन्हा बसते आहे. कट्ट्यावर ती येते, पण आता विनोद टाकत नाही. संदेश लिहायला लागल्याचं दिसतं, मग दिसणं थांबतं.

नियमांचा मी या वर्षभरात खूप विचार केला. नाव घेऊन आरोप नको, हे मी लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं की नाव म्हणजे जखम, झाकून ठेवली की बरी होते. पण झाकलेल्या नावाला कोणी निर्दोषही म्हणू शकत नाही. बिननावाचा संशय बिननावानं धुता येत नाही. संशय घेणाऱ्याला इशारा पुरतो. साफ करणाऱ्याला मात्र पूर्ण नाव लागतं, कारण लागतं, आणि सगळ्यांनी थांबून वाचावं लागतं.

या आठवड्यात कंपनीनं कळवलं: दुरुस्ती पूर्ण, आता बोलायला हरकत नाही. म्हणून आजची बैठक.

सूचना मी आधीच लिहून ठेवली होती. वीज जाण्यामुळे काय व्हायचं ते, प्रणालीनं सगळ्यात आधी ते विचारलं ते, आम्ही तिचा संदेश का काढला ते, आणि शेवटी पाची खात्यांची नावं. इरफाननं वाचून सांगितलं की लई भारी, आपण पोलीस बनने आये थे और वकील बन गये. प्रणालीनं फोनवर ऐकून घेतलं. स्वतःचं नाव लिहायला हो म्हणाली. तिघींचा होकार तिनं घेऊन ठेवला होता. मग म्हणाली, “स्नेहलचं माहीत नाई ताई.”

स्नेहलचं उन्हाळ्यात लग्न झालं. ती हिंगणघाटकडे एका खेड्यात दिली आहे. तिनं खात्याला आपलं स्वतःचंच नाव दिलं होतं, माहेरच्या आडनावासकट. सासरी तिच्या खेळाचं कोणाला माहीत नाही, आणि चोर म्हणून तिचं नाव फिरलं होतं हे तर नाहीच. सूचनेत तिचं नाव आलं की ती निर्दोष ठरेल, पण त्या आधी लोकांना समजेल की तिच्यावर आरोप होता. काका ती सूचना गावाला दाखवणार. रोहण्याहून हिंगणघाटला बातमी जायला किती वेळ लागतो?

सर म्हणाले, चार नावांनी लावा, आजच. मुलींची परीक्षा जवळ आली आहे, संध्याकाळचं दार तर उघडेल. मी क्षणभर हो म्हणणार होते. पण ‘काळा वाघ’च्या फोटोत पाच नावं होती आणि तो फोटो अजून लोकांच्या फोनमध्ये आहे. पाचातली चार साफ केली तर पाचवीवर मी स्वतः शिक्का मारल्यासारखं होईल. नावंच नको, फक्त गटाचं नाव लिहू, असं इरफाननं सुचवलं. प्रणाली लगेच म्हणाली की काकांनी पाचीजणींचं म्हटलं आहे, तेवढ्यावर ते दार उघडणार नाहीत.

मग एकच राहिलं. स्नेहलला विचारायचं. प्रणालीनं सांगितलं, तिचा फोन तिच्याकडे नसतो, घरातला एकच फोन आहे आणि तो तिच्या जाऊबाई घेतात. “मी केला तर त्या म्हणतेत, का काम हाय? तुम्ही मोठ्या बाई आहात, तुम्ही करा.”

सगळे गेल्यावर मी नंबर समोर ठेवून बसले. पलीकडून विचारतील, कोण बोलते? खेळाची अॅडमिन, असं सांगता येणार नाही. कॉलेजच्या ऑफिसातून, हे खोटं नाही, पण मग त्या विचारतील की तिचं शिक्षण झालं, आता कॉलेजचं काय काम? मैत्रीण म्हणायला वय आडवं येतं. मावशी म्हटलं तर त्यांना तिच्या मावश्या माहीत असतील. प्रत्येक उत्तर मी कागदावर लिहिलं आणि प्रत्येकापुढे त्या बाईंचा पुढचा प्रश्न लिहिला. आणि फोन स्नेहलच्या हातात दिला तरी जाऊबाई तिथंच उभ्या असतील. त्यांच्यासमोर ती काय बोलेल? हो किंवा नाही, दोन्हींचा अर्थ तिलाच नंतर घरच्यांना समजावून सांगावा लागेल, मला नाही.

पाच वाजून गेले आहेत. रोहण्याला मुलींच्या खोलीला कुलूप लागलं असेल. सूचना तयार आहे, पाच नावं घातलेली आहेत, चार होकार आहेत. स्नेहलला फोन करायचा राहिला आहे.